शस्त्रक्रियेआधी सर्वांनी थांबावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑपरेशन थिएटरमध्ये २६ वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर शस्त्रक्रियातज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्या एकत्रित कामाविषयी लिहावेसे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची सुरक्षा-यादी आणली. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी थांबून ती मोठ्याने वाचायची असते. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

यादीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगणे, कारण एकदा बोललेला माणूस पुढे शंका काढायला कचरत नाही. एकदा पोट शिवायला घेताना माझ्या मोजणीत एक मॉप (रक्त टिपायची कापडी घडी) कमी भरला. ‘सिस्टर, मोजताना चुकलं असेल,’ असे शस्त्रक्रियातज्ज्ञांकडून उत्तर मिळाले. पण भूलतज्ज्ञ मॅडम ‘सर, आपण थांबूया’ म्हणाल्या आणि तो रक्ताने भिजलेला मॉप यकृतामागे सापडला.

दुर्दैवाने, मी पाहिलेल्या काही ठिकाणी हीच यादी दिवसअखेर एका दमात टिक करून, सह्या उरकून फाइलला लावली जाते. वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी वेगवेगळ्या वर्गांत शिकतात आणि थेट टेबलाशीच भेटतात, हे त्याचे मोठे कारण आहे. दोघांचा या यादीचा सराव शिकतानाच एकत्र घ्यावा, अशी आरोग्य विद्यापीठाला कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, सातारा