आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर

मिलवॉकी, विस्कॉन्सिन

तीर्थरूप आण्णा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण वर्कशॉपमध्ये हीटर चालू असतो आणि खोलीतही ऊब असते. जेवण वेळेवर होतं, चटणी अजून पुरते आहे. बाकी रोजचं सगळं रविवारी फोनवर बोलतोच, ते पुन्हा लिहीत नाही. मागच्या रविवारी आण्णांनी विचारलं, "इंजिनियर होऊन चालू गाड्यांचे कॅम बदलत बसतोस?" आणि तेवढ्यात फोन कट झाला. तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

आण्णा, इथली ही रीत आधी सांगतो, कारण ती बघितल्याशिवाय पटत नाही. हे हार्ले डेव्हिडसनचं गाव, १९०३ पासूनचं. बर्फ पडायला लागला की रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मिठाने गाडी गंजते, म्हणून थंडीभर गाड्या बंद. टाकी काठोकाठ भरायची म्हणजे आतून गंज धरत नाही. पेट्रोल नासू नये म्हणून त्यात एक औषध घालायचं. बॅटरीला छोटासा चार्जर लावून ठेवायचा. इथवर कुणालाही समजेल. पण मग गाडी उभीच आहे तर इंजिन उघडू या, असं म्हणून ही माणसं ठणठणीत इंजिनाचा कॅम (आई, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) काढून दुसरा घालून घेतात. धूर नाही, आवाज नाही, ऑइल गळत नाही, तरी उघडतात. त्यासाठी आधीपासून नंबर लावतात आणि चांगले पैसे मोजतात. चालत्या इंजिनाला पाना लावू नये हे तुमच्याकडून ऐकत मोठा झालो, त्यामुळे पहिल्या थंडीत मला काही सुचतच नव्हतं. आता कारण कळलंय.

उद्यमनगरात तुम्ही ज्या ऑइल इंजिनांचे कॅम ग्राइंड केलेत, ती पंपाला जोडलेली. मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर लावली की दिवसभर तिथंच. तिथं कॅम एकदा ठरला की ठरला. मोटरसायकलचं इंजिन गाडी उभी असताना हजाराच्या खाली फिरतं आणि पळताना साडेपाच हजारांपर्यंत जातं. त्यात धुराचे नियम, आवाजाचे नियम, आणि एकटा फिरणारा असो की बायकोला मागे बसवून हजार मैल जाणारा, सगळ्यांना कंपनीचा एकच कॅम. म्हणून आपण गाडी कुठल्या फेऱ्यांवर जास्त चालवतो ते बघून लोक तो बदलतात.

परवा एक म्हातारे गृहस्थ आले. २००८ ची टूरिंग गाडी, ट्विन कॅम ९६ इंजिन, म्हणजे १,५८४ सीसी. नावाप्रमाणे दोन कॅम, उजव्या बाजूला कव्हरच्या आत, वर व्हॉल्व्हपर्यंत जोर पोचवणाऱ्या काठ्या, म्हणजे पुशरॉड. (१९९९ च्या आधी मोठ्या गाड्यांना एकच कॅम होता आणि २०१७ च्या मिलवॉकी एट इंजिनाला पुन्हा एकच आला.) त्यांना एस अँड एस या पार्ट बनवणाऱ्या कंपनीचा ५८५ नंबरचा कॅम हवा होता. ५८५ म्हणजे व्हॉल्व्हची उचल पॉइंट पाच आठ पाच इंच, जवळजवळ पंधरा मिलिमीटर. मित्राच्या गाडीत तोच आहे आणि उभी असताना ती घोड्यासारखी थयथय करते, तेवढ्यावर त्यांचं मन बसलेलं.

मी त्यांना आधी उचलीचा आकडा बाजूला ठेवायला लावलं. पहिल्यांदा बघायचं ते इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारा, बंद कधी होतो. पिस्टन खालून वर यायला लागला तरी व्हॉल्व्ह उघडाच असतो. जितका उशिरा बंद होईल तितका कमी वेगात भरलेला चार्ज, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, परत बाहेर ढकलला जातो. आई, कुकरला शिट्टी उशिरा लावली की वाफ तशीच निघून जाते ना, तसं. जास्त फेऱ्यांवर हवेला वेग असतो, ती पिस्टनला न जुमानता आत येत राहते आणि तोच उशीर फायद्याचा ठरतो. पण ही गाडी चारशे किलोच्या आसपास, वर दोन माणसं आणि सामान. हायवेवर सहाव्या गिअरला इंजिन अडीच हजाराच्या आतबाहेर फिरतं. गाडीला ताकद तिथंच हवी. कंपनीचं कॉम्प्रेशन ९.२ ला एक. त्यावर ५८५ घातला तर कमी फेऱ्यांवरची ताकद जाते आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगही बदलाव्या लागतात. मी अँड्र्यूज या दुसऱ्या कंपनीचा ४८ नंबरचा कॅम सुचवला. उचल बरीच कमी, इनटेक लवकर बंद होतो आणि अशा वजनदार गाडीला तो शोभतो. ते थोडे हिरमुसले, कारण थयथय मिळणार नव्हती, पण बायकोला विचारून हो म्हणाले.

मग त्यांना गिअर ड्राइव्हही हवा होता, म्हणजे कॅम फिरवणारी चेन काढून तिथं गिअर. इथं तुमची आठवण झाली, आण्णा. हा क्रँक प्रेस करून जोडलेला असतो, त्यामुळे गिअर बसवायचा तर क्रँकच्या टोकाला रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, तीन थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या) आत लागतो. डायल गेज लावला, क्रँक हाताने सावकाश फिरवला. काटा तीनवर थांबला नाही, पाच ओलांडून गेला. गेज सोडून पुन्हा बसवला, पुन्हा तेच. वर्कशॉपच्या मालकाने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, चेनच ठेवायची. २००७ पासूनच्या गाड्यांना चेन ताणून धरायला हायड्रॉलिक टेन्शनर आहे, आधीच्या स्प्रिंगवाल्यासारखे त्याचे प्लॅस्टिकचे पॅड लवकर खात नाहीत. कॅमची आतली बेअरिंग मात्र काढली आहेत तर नवीच घातली. गेज दोनदा लावायची सवय तुमच्या लेथवरची, आणि इथं तिला मान आहे. एस अँड एससुद्धा याच राज्यातली, व्हायोला नावाच्या खेड्यात वाढलेली. तिथं जाऊन आलो तेव्हा कारखान्याबाहेर सगळीकडे शेतं होती आणि मला शिरोलीच आठवली.

काकांनी विचारलं म्हणून लिहितो, हे काम बेकायदेशीर नाही. २०१६ मध्ये हार्लेलाच धुराचे नियम मोडणाऱ्या ट्यूनरपायी (इंजिनाची सेटिंग बदलणारं उपकरण) सव्वा कोटी डॉलरच्या जवळपास, म्हणजे १.२ कोटी डॉलर दंड भरायला लागला होता, त्यामुळे आमचा मालक फार जपून असतो. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा मंजुरी नंबर असेल तोच पार्ट घेतो. आणि आई, मी गाडी पळवत नाही. ताकद मोजायच्या यंत्रावर, डायनोवर, गाडी पट्ट्यांनी बांधलेली असते, मागचं चाक रोलरवर फिरतं, गाडी जागची हलत नाही. इथं मोठ्या माणसांना हेल्मेटची सक्ती नाही हे तू बातम्यांत बघितलंस, पण मी हेल्मेट घालतोच. पगारही वेळेवर होतो. गॅरेज म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

आता पैशांचं. या महिन्याचे येत्या शुक्रवारपर्यंत जमा होतील. त्यातून आधी आण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून घ्या, लग्न झाल्यावर बघू असं करू नका. मग मंगल कार्यालयाचा ॲडव्हान्स. शैक्षणिक कर्जाचा हप्ता माझ्या खात्यातून परस्पर जातो, त्याकडे बघू नका. आणि लेथ विकायचं जे डोक्यात आहे ते काढून टाका, दागिन्यांचं कमी पडेल तेवढं मी पाठवतो.

चिमीच्या साखरपुड्याला मी नव्हतो. फोटोत आण्णांच्या शेजारी माझ्या जागी मामा उभे आहेत, ते बघितलं. लग्नाला येणारच आहे, फक्त व्हिसाच्या शिक्क्याची तारीख मिळायची आहे. ती मिळाली की त्याच दिवशी तिकीट काढतो. तोवर पत्रिकेत माझं नाव निमंत्रकांत घाला. चिमीला साडी कुठली हवी ते तिनेच मला कळवावं, आईने परस्पर ठरवू नये.

इचलकरंजीच्या स्थळाचा फोटो पोचला. मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे. नाही म्हणत नाही. पण ती इथं यायला तयार आहे का, हे तिलाच विचारा, तिच्या वडिलांना नको. होकार असेल तर तिचा नंबर पाठवा, मी बोलतो. तोपर्यंत त्यांना शब्द देऊ नका.

तुमचा,
बंडू