विश्वचषक, धावफलक आणि पाचवीचे इंग्रजी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक पहिल्यांदाच जिंकला. दिवाळीची सुटी संपून आमची शाळा भरली तेव्हा पाचवीच्या वर्गात दुसरा विषयच नव्हता. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. वर्गात मुलींची संख्या मुलांहून जास्त आहे, आणि त्यांतल्या बहुतेकींनी तो सामना कुणाच्या ना कुणाच्या घरी, झोपेशी झगडत, शेवटपर्यंत पाहिला होता. अशा वेळी इंग्रजीच्या शिक्षिकेने या उत्साहाचे काय करावे, याविषयी हे पत्र आहे.

आधी माझी चूक सांगते. अशा प्रसंगी शाळाशाळांतून जे होते तेच मी केले. फळ्यावर आवडत्या खेळाडूविषयी इंग्रजीच्या दहा ओळी लिहून दिल्या, मुलांकडून त्या वहीत उतरवून घेतल्या, पाठ करून घेतल्या, आणि एका चुणचुणीत मुलीला परिपाठाच्या वेळी पुढे उभे केले. तिने त्या न अडखळता म्हटल्या, टाळ्याही पडल्या. त्या दिवशी शाळेला भेट द्यायला आलेल्या पाहुण्यांनी कौतुकाने तिला विचारले, ‘हू वॉज द कॅप्टन?’ मुलगी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिने पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.

हीच मुलगी मधल्या सुटीत हापशाजवळ चारपाच जणींना अमनजोत कौरने घेतलेला झेल सांगत होती. शतक झालेली दक्षिण आफ्रिकेची लॉरा वुल्फार्ट त्या झेलावर बाद झाली, हे ज्यांनी सामना पाहिला त्यांना आठवत असेल. ‘पहिल्यांदा हातातनं उडाला, परत उडाला, आन् तिसऱ्यांदा घावला!’ असे म्हणताना तिने दोन्ही तळहातांवर एक अदृश्य चेंडू खरोखर नाचवला. सांगायला तिच्याजवळ इतके होते, आणि मी मात्र तिच्या तोंडी दुसऱ्याच कुणाचे कौतुक घातले होते. त्या दिवसापासून मी ठरवले की देशाच्या विजयाचे इंग्रजीत गुणगान करून घ्यायचे नाही. सामन्यात काय झाले, ते फक्त सांगायला लावायचे.

याचे पहिले कारण असे की खेळाचे इंग्रजी मुलांच्या तोंडी आधीच असते, फक्त ते मराठी होऊन बसलेले असते. बॅट, बॉल, रन, आउट, ओव्हर, कॅच, मॅच, वाइड, स्लिप, पॉइंट हे शब्द आमच्या गावच्या पोराला शाळेत यायच्या आधी येतात. आम्ही शिक्षक मात्र पाठ्यपुस्तकातला शब्द नवा समजून शिकवायला घेतो आणि मुलालाही तो नवाच वाटतो. ‘द बॉल वेंट ओव्हर द वॉल’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिले तेव्हा एका मुलाने विचारले, ‘बाई, भिंतीची ओव्हर कशी?’ त्याच्या लेखी ओव्हर म्हणजे सहा चेंडू. मग आम्ही शाळेच्या कुंपणावरून खरोखरच चेंडू पलीकडे टाकला, आणला आणि पुन्हा टाकला. परीक्षेत जोड्या लावायच्या प्रश्नावर ‘मॅच द पेअर्स’ असे छापलेले असते, तिथे ‘यात मॅच कोणती?’ हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतेच. तो प्रश्न मूर्खपणाचा नाही. मॅच म्हणजे तोडीस तोड असणे, जुळणे, हा अर्थ दोन संघांच्या मुकाबल्यावरून सांगितला की मुलांना तो लगेच पटतो. सगळ्यांत गंमत ‘बोल्ड’ची झाली. ‘दीप्ती बोल्ड वेल’, म्हणजे दीप्ती शर्माने चांगली गोलंदाजी केली, असे मी म्हणताच वर्गातून आवाज आला, ‘नाही बाई, दीप्ती रनआउट झाली होती!’ मुलाचे क्रिकेट पक्के होते. गोलंदाजी करणे या क्रियापदाचे भूतकाळाचे रूपच आपण मराठीत त्रिफळा उडण्यासाठी वापरतो, हे मलाही त्या दिवशी पहिल्यांदा नीट जाणवले.

दुसरे कारण व्याकरणाचे आहे, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. मराठीत ‘शफालीने चेंडू मारला’, ‘चेंडू शफालीने मारला’, ‘मारला चेंडू शफालीने’ असे काहीही म्हटले तरी मारणारी कोण याचा घोटाळा होत नाही, कारण ‘ने’ हा प्रत्यय शफालीला चिकटलेला असतो, ती वाक्यात कुठेही जाऊन बसो. इंग्रजीत असा प्रत्यय नाही. तिथे कोण कुठे उभे आहे यावरच सगळे अवलंबून असते. हे नियम म्हणून सांगितले की पाचवीची मुले जांभया देतात. मी तीन मुलींच्या हातांत ‘शफाली’, ‘हिट’ आणि ‘द बॉल’ अशा पाट्या दिल्या आणि त्यांना ओळीने उभे केले. मग पहिलीला आणि तिसरीला जागा बदलायला सांगितले. वर्गाने ‘द बॉल हिट शफाली’ असे एका सुरात वाचले आणि मागच्या बाकावरून कुणीतरी कळवळून म्हणाले, ‘आई गं, लागला!’ इंग्रजी वाक्यरचनेवर यापेक्षा चांगला पाठ मी सव्वीस वर्षांच्या नोकरीत घेतलेला नाही.

आकड्यांचेही तसेच. अंतिम सामन्यात शफाली वर्माने 87 धावा काढल्या. मराठीत आपण ‘सत्त्याऐंशी’ म्हणतो, म्हणजे आधी सात आणि मग ऐंशी. इंग्रजीत आधी ‘एटी’ आणि मग ‘सेव्हन’. त्यामुळे इंग्रजीत आकडा ऐकून लिहिताना मुले 87 चे 78 करतात. योगायोग असा की शफालीने त्या 87 धावा 78 चेंडूंतच काढल्या होत्या, त्यामुळे हा गोंधळ फळ्यावर अगदी शेजारीशेजारी मांडता आला. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ आले तेव्हा राज्यात केवढा गदारोळ झाला होता, हे वाचकांना आठवत असेल. त्या वादात मी पडत नाही. मात्र दोन भाषांत आकडा उलटसुलट बोलला जातो ही अडचण खरी आहे, आणि ती धावफलकावर जितकी सहज सुटते तितकी पाढ्यांच्या तक्त्यावर सुटत नाही, एवढे अनुभवाने सांगू शकते.

30 ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्ज 127 धावांवर नाबाद राहिली आणि आपण ‘पाच गडी राखून’ जिंकलो. अंतिम सामना ‘52 धावांनी’ जिंकलो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘बाय’ येते, म्हणजे ‘बाय फाइव्ह विकेट्स’ आणि ‘बाय फिफ्टी-टू रन्स’. मराठीतला ‘राखून’ हा शब्द किती नेमका आहे, हे मुलांना इंग्रजीच्या तासाला कळले. मातृभाषेकडे अशा आडवाटेने पुन्हा पाहायला मिळते, म्हणून मी आधी प्रसंग मराठीतच सांगायला लावते आणि मगच इंग्रजीकडे वळते. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द काढायचा नाही हा आग्रह लहान वर्गांत तरी मला पटत नाही.

पराभवही सोडू नये. याच स्पर्धेत साखळी फेरीत आपला संघ दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून ओळीने तीन सामने हरला होता. ‘वी लॉस्ट थ्री मॅचेस, बट वी वन द कप’ या वाक्यात ‘बट’ का येते, हे समजावून सांगावे लागले नाही. प्रतीका रावल जायबंदी झाली म्हणून शफाली संघात आली, यात ‘बिकॉज’ आपोआप बसते. आणि 2017 साली लॉर्ड्सवर अंतिम सामना आपण अवघ्या 9 धावांनी गमावला होता हे ऐकल्यावर एका मुलीने मनानेच वाक्य जुळवले, ‘ओन्ली नाइन!’ त्यात क्रियापद नव्हते, पण मी ते दुरुस्त केले नाही.

यावर दोन आक्षेप मी ऐकलेले आहेत. सगळ्यांनाच क्रिकेटचे वेड नसते, हा पहिला आक्षेप योग्य आहे. आमच्या वर्गातही चौघांना क्रिकेट कळत नाही आणि कळून घ्यायचेही नाही. त्यांच्यासाठी मी खो-खो घेतला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत भारताने नेपाळला अंतिम सामन्यात हरवले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे होते. खो-खो तर आमच्या मुलांच्या अंगात भिनलेला खेळ. पाठलाग करणाऱ्याला मागे फिरता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही, खांबाला वळसा घातल्याखेरीज दिशा बदलता येत नाही. हे सगळे ‘कॅन’ आणि ‘कॅनॉट’ यांचे धडेच आहेत. ‘अ चेसर कॅनॉट टर्न बॅक’ हे वाक्य मुलांनी अंगणात आखलेल्या पाटीत पळता पळता म्हटले. इथे एक अडचण माझीच झाली. सूर मारणे, हुलकावणी देणे, साखळी करणे यांना इंग्रजीत काय म्हणावे हे मला धड ठाऊक नव्हते, आणि मुले माझ्या तोंडाकडे पाहत होती. सुरासाठी ‘डाइव्ह’ सापडला. हुलकावणीसाठी आम्ही हातवारे आणि दोन सोपी वाक्ये वापरली. ‘खो’ला मात्र काहीच शोधावे लागले नाही. तो इंग्रजीतही ‘खो’च आहे, याचा मुलांना फार अभिमान वाटला.

खेळाच्या नादात अभ्यासक्रम मागे पडतो, हा दुसरा आक्षेप. मी आठवड्यातले दोन तास, तेही अर्धे अर्धे, महिनाभर वापरले. या काळात पुस्तकातला एकही धडा राहिला नाही, आणि ‘रन’चे ‘रॅन’, ‘कॅच’चे ‘कॉट’, ‘थ्रो’चे ‘थ्रू’ ही रूपे पाठांतराशिवाय बसली. शिवाय अशा विजयाची ऊब वर्गात महिनाभरच टिकते. त्यानंतर तेच ताणत बसले तर मुलांना कंटाळा येतो, आणि तो खेळाचाही येतो व इंग्रजीचाही.

मी स्वतः जून 1983 मध्ये पाचवीत गेले. त्या काळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. पहिलीपासून ते 2000 साली आले. कपिलदेवच्या संघाने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वेस्ट इंडीजला हरवले त्या रात्री थोरला भाऊ रेडिओला कान लावून बसला होता आणि दर षटकानंतर मला मराठीत सांगत होता. त्या आठवड्यात शाळेत आम्ही एबीसीडी गिरवत होतो. मी गुरुजींना ‘चॅम्पियन’ची सगळी अक्षरे विचारली, तेव्हा ‘ते पुढे येईल’ असे उत्तर मिळाले. गुरुजींचा दोष नव्हता, क्रमच तसा होता. पण ‘पुढे येईल’ ते आता पहिलीपासून येत असताना आम्ही ते दहा ओळींच्या पाठांतरात घालवत असू, तर त्याला क्रमाची सबब देता येणार नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगायची राहिली. ‘वी वन’ असे फळ्यावर लिहिले तेव्हा एकीने विचारले, ‘बाई, वी म्हणजे आपण का आम्ही?’ मराठीत यजमानांनी पाहुण्यांना ‘आपण जेवूया’ म्हणणे आणि ‘आम्ही जेवतो’ म्हणणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. विश्वविजेत्या संघाची कर्णधार हरमनप्रीत म्हणेल तेव्हा ‘आम्ही’, आणि हापशाजवळ आपण म्हणतो तेव्हा ‘आपण’, असे मी सांगितले. त्यावर ‘मग इंग्रजीत कसं कळणार कोण खेळलं आन् कोण बघत होतं?’ असा पुढचा प्रश्न आला. त्याचे उत्तर मी दुसऱ्या दिवशीवर ढकलले.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. अंतिम सामना मध्यरात्रीपर्यंत चालल्याने आमच्याकडे येणाऱ्या आवृत्तीत दुसऱ्या दिवशी निकाल नव्हता, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्यापुढच्या अंकात धावफलक आला तो इतक्या बारीक टाइपात आणि इतक्या संक्षिप्त रूपात, की मुलांना तो बोट ठेवून वाचता येईना. मोठ्या सामन्यांनंतर निदान एकदा तरी संपूर्ण धावफलक ठळक अक्षरांत, शक्य तर मराठी आणि इंग्रजी शेजारीशेजारी छापावा. आमच्या वर्गाच्या भिंतीवर त्याच्यासाठी जागा राखून ठेवली आहे. सध्या तिथे मी हाताने लिहिलेला कागद आहे आणि दीप्ती शर्माच्या 39 धावांत 5 बळींसमोर कुणीतरी पेन्सिलीने, एक अक्षर उलटे काढून, ‘गुड’ असे लिहिले आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा