काका, तुम्ही माझी सायकल धरलीत त्याबद्दल

काका,

काल 60 किलोमीटर झाले. एका दमात नाही, दोनदा थांबले, पण घरी आल्यावर हेल्मेटचं बक्कल पहिल्याच झटक्यात उघडलं आणि मी तशीच दारात उभी राहून रडले. हसू नका. चार महिन्यांपूर्वी याच बक्कलसाठी मला मुलीला हाक मारायला लागायची, कारण 15 किलोमीटर चालवून आलं की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझं राहायचंच नाही, लाकडाचं व्हायचं.

तुमचं नाव मला अजून माहीत नाही. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तुम्ही मधेच "चेन शेवटची कधी पुसलीस?" असं काहीतरी काढलंत आणि ते राहूनच गेलं. म्हणून नुसतं काका. कोणीतरी तुम्हाला हे दाखवेलच. जुनी स्टीलची फ्रेम आणि सीटखालच्या पिशवीत अर्धं वर्कशॉप घेऊन फिरणारी माणसं फार नसतात.

आधी बाकीच्यांचं सांगते, मनातून काढून टाकायचंय एकदाचं. रोड बाईक घ्यायची ठरवली तेव्हा बजेट किती ते मी सगळ्यांना पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचे, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही असं मला वाटायचं, पण ते ऐकलं की समोरच्याचा चेहरा बदलतो हे लवकरच कळलं. एका दुकानात माझी उंचीसुद्धा विचारली नाही. तिथे पडून असलेली एक सेकंड हँड सायकल पुढे केली, "भिंतीला टेकून बसून बघा" म्हणाला आणि स्वतः मोबाईलमध्ये. मी एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर, एक हात भिंतीवर अशी बसले. आता यात काय कळणार? घेतली. फ्रेम 54 सेंटीमीटर मापाची होती, मला 51-52 लागते, हे मला तेव्हा कोण सांगणार! आठवड्याभराने मान आणि हात दुखतात म्हणून परत गेले तर उत्तर एकच, "सवय होईल". वर टायरमध्ये हवा भरून दिली, 120 पीएसआय, कारण टायरवर तेवढं छापलेलं. त्यानंतर तर रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट दातात वाजायला लागला.

मग ओळखीतले जाणकार. एक म्हणाला विकून टाक आणि कार्बन फ्रेमची घे. एक म्हणाला चाकं बदल, चाकांनीच फरक पडतो. एकाने सांगितलं बायकांना ड्रॉप हँडल, म्हणजे हे खाली वळलेलं, झेपत नाही, सरळ हँडलवाली घ्यायची होतीस. यातल्या एकानेही "दाखव बरं बसून" म्हटलं नाही. सगळे सायकलचे फोटो मागायचे. सायकलवर मी असलेला फोटो कोणी मागितला नाही.

तर त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हात झटकत होते आणि तुम्ही थांबलात. "पंक्चर?" "नाही, हात." मला वाटलं आता तेच ऐकायचं. तुम्ही पहिल्या दोन वाक्यांत मला तुम्ही म्हणालात आणि तिसऱ्यापासून अगं. "अगं, कुठली बोटं?" कुठली बोटं, हे मला त्या क्षणापर्यंत कोणीच विचारलं नव्हतं! करंगळीच्या बाजूची म्हटल्यावर तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात की ती नस तळव्याच्या त्याच कडेने जाते, तू सगळं अंग हातांवर टाकून बसतेस, ती दाबली जातेय.

आणि मग तुम्ही तुमची सायकल झाडाला लावलीत, माझ्या सायकलसमोर येऊन पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलंत, हात हुडवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी मुठींवर, ठेवलेत आणि म्हणालात, "बस. पडत नाहीस."

हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच आहे. बाकीचं तुम्ही जे केलंत ते इतर कोणी पैसे घेऊन कदाचित केलंही असतं. पण मला सायकलवर बसवून कोणी धरलं त्याला किती वर्षं झाली असतील? बाबा कॅरियर धरून मागून पळायचे, तेव्हा मी सात-आठ वर्षांची. त्यानंतर थेट तुम्ही. चाळिशी ओलांडलेली बाई दोन्ही पाय पॅडलवर ठेवून, अधांतरी, उलटं पॅडल मारतेय आणि समोर एक अनोळखी माणूस अर्धा तास वाकून तिचे गुडघे, खांदे, कोपरं बघतोय, येणारेजाणारे बघतायत, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही कारण तुम्हाला काही वाटत नव्हतं. तुमचे हात भरून आले असणार. एकदासुद्धा सोडले नाहीत. "खांदे कानाला लागलेत बघ तुझे" म्हणालात तेव्हा मला कळलं की मी गेले कित्येक आठवडे खांदे वर ओढूनच सायकल चालवतेय. भिंतीला टेकून हे कधी कळलं असतं?

सीटची उंची मी अभ्यास करून लावलेली, ते सायकलपटू ग्रेग लेमाँडचं म्हणून फिरतं ते सूत्र, पायाची आतल्या बाजूने उंची मोजायची आणि 0.883 ने गुणायची. मोठ्या अभिमानाने सांगितलं. तुम्ही म्हणालात, सुरुवात करायला ठीक आहे, पण सूत्राला तुझी कंबर दिसत नाही, ती दर फेऱ्याला डावी-उजवीकडे डुलतेय, म्हणजे सीट तुला वर झाली. "आणि लेमाँड 1989 ची टूर द फ्रान्स 8 सेकंदांनी जिंकला, त्याला मिलिमीटरचा हिशेब परवडतो. तुझी आधी बोटं जागी होऊ देत." मी सायकलवर बसल्या बसल्या इतकी हसले की चाक निसटता निसटता राहिलं.

सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, सैल करून फिरवलात आणि तो फिरला तेव्हा तुमचा चेहरा उजळला. मला कारण कळेना. नंतर कळलं की ग्रीस न लावता वर्षानुवर्षं ठेवला तर तो फ्रेममध्ये असा धरून बसतो की कापून काढायची वेळ येते, आणि सेकंड हँड सायकल घेताना हे सगळ्यात आधी बघायचं असतं. म्हणजे माझं नशीब तेवढं चांगलं. "सायकल वाईट नाहीये, तुला जरा लांब आहे एवढंच," हे तुम्ही ज्या स्वरात म्हणालात ना... फसलीस, कोणी दिली ही, किती घेतले, यातलं काही नाही. मला फसल्याचं माहीत होतंच, ते दुसऱ्याकडून ऐकायची भीती होती.

पुढच्या रविवारी तुम्ही घरातला 80 मिलिमीटरचा स्टेम (हँडल सायकलला जोडतो तो तुकडा) घेऊन आलात आणि माझा 110 चा काढून तो लावलात, हँडल 3 सेंटीमीटर जवळ आलं. पैसे विचारले तर म्हणालात जुना मला दे, कोणातरी उंच पोराला लागेल. झाला व्यवहार. हवा 80 वर आणलीत, छापलेला आकडा म्हणजे टायर किती सोसेल त्याची हद्द असते, तू वजनाने एवढीशी, तुला कशाला 120. तेवढ्याने रस्ता बदलल्यासारखा वाटला, शप्पथ.

चाकांसाठी मी पैसे साठवत होते हे सांगताना मी जरा चाचरलेच. तुम्ही तिथल्या तिथे हिशेब केलात, सायकल आणि मी मिळून 70 किलो, महागड्या चाकांनी वाचणार फार तर अर्धा किलो, म्हणजे टक्कासुद्धा नाही, त्यापेक्षा भरलेली पाण्याची बाटली जड. त्याऐवजी काय ते सांगितलंत आणि मी केलं. 23 मिलिमीटर रुंदीचे टायर काढून 25 चे घातले (28 चे घालायची माझी हौस होती पण तुम्ही 4 मिलिमीटरचा ॲलन की टायर आणि ब्रेकच्या मधे घालून दाखवलात, जागाच नव्हती), चेन नवीन, आणि मागची कॅसेट, म्हणजे गिअरच्या चक्रांचा संच, जिचं मोठं चक्र 28 च्या जागी 32 दातांचं. मागच्या डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवतो तो) पिंजरा लांब होता म्हणून ती बसली हेही आपलं नशीबच. पुढे 34 मागे 32, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा जेमतेम एक फेरा, चढावर आता उतरावं लागत नाही. आठच गिअर आहेत म्हणून मी कुरकुरत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, आठ आहेत म्हणून तर चेन न कॅसेट स्वस्तात मिळते, अकरा-बारावाल्यांना विचार. जुनी चेन आणि नवी चेन एका खिळ्याला शेजारी शेजारी टांगून दाखवलीत ते माझ्या मुलीला इतकं आवडलं की ती आता कोणाचीही चेन बघून "ही लांबलीय" म्हणत असते.

सगळंच तुमचं बरोबर होतं असं नाही हां. तुमची ती रुंद मऊ सीट मला अजिबात जमली नाही, अर्ध्या तासात हाडं आत रुतायला लागली. शेवटी मी घरी पुठ्ठ्यावर बसून हाडांनी पडलेल्या खड्ड्यांमधलं अंतर मोजलं आणि त्या मापाची कडक सीट घेतली, सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले आणि ते मला पटलेत. आणि तुम्ही नको म्हणत असताना क्लीटवाले, म्हणजे पॅडलला अडकणारे, बूट मी घेतलेच, आणि पहिल्याच सिग्नलला सगळ्यांसमोर संथपणे आडवी झाले. ते मी तुम्हाला सांगणार नव्हते. असो, आता सांगून झालं.

मला एक कळत नाही, त्या दुकानातल्या माणसाला हे येत नव्हतं असं थोडंच आहे? त्याच्याकडे स्टेमचा ढीग होता, मी बघितला होता. त्याला फक्त पाच मिनिटं मोबाईल खिशात घालून चाक धरायचं होतं. आता मी कोणाला मदत करते ना, परवाच ऑफिसातली एक पोरगी तिची नवी सायकल घेऊन आली, तर मी आधी सायकलकडे बघतच नाही. चाक गुडघ्यांत धरते आणि म्हणते बस. दहा मिनिटांत हात भरून येतात हो काका! तुम्ही अर्धा तास कसे उभे राहिलात?

आणि तुमचा तो 4 चा ॲलन की माझ्याकडेच राहिलाय. दर रविवारी आणते आणि दर रविवारी द्यायचा विसरते, म्हणजे खरं तर मुद्दामच. या रविवारी देते. नक्की नाही.

तुमची,
54 ची फ्रेमवाली