घर तुमच्याच नावावर राहू दे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "हप्ते तू भरतेस, मग व्याजाची सूटही तुलाच मिळायला हवी. अर्धं घर तुझ्या नावावर करतो." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते.

राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वर्षाला 2 लाखांपर्यंतची वजावट, तुम्ही म्हणता ते 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 24, घराच्या मालकाला मिळते आणि कर्जही त्याचं असावं लागतं. माझं नाव फक्त कर्जात आहे, कारण तुमचं वय बघून बँकेनं सहकर्जदार मागितला. खरेदीखतावर तुम्ही आणि आई. बँकेच्या व्याजाच्या दाखल्यावर माझंही नाव छापून येतं खरं, पण ऑफिसात त्याच्यासोबत इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा मागतात आणि त्यात मी कुठेच नाही. हप्ता कोणाच्या खात्यातून जातो एवढ्यावर भागत नाही.

आता समजा, बक्षीसपत्र केलं. मुलीला राहतं घर देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये, म्हणून तुम्हाला ते सोपं वाटतंय. पण मी नवी करपद्धत घेतली आहे. तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावट मालकालाही नाही. जुनी पद्धत माझ्या पगाराला परवडत नाही, दोन्हीकडचा हिशेब मांडून पाहिलाय. आणि तुमचं म्हणाल तर नव्या पद्धतीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. पेन्शन आणि एफडीचं व्याज धरूनही तुम्ही त्याच्या बरेच खाली. मग कोणाचा कर वाचवायला हा खटाटोप?

हप्ते मी आनंदानं भरते, त्याची परतफेड मला नकोय. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की ते सहजासहजी फिरवता येत नाही. तुमचा माझ्यावर भरवसा आहे, तरी माझ्यासुद्धा शब्दावर डोक्यावरचं छप्पर लिहून देऊ नका. आई, त्या कागदावर तुझ्या वाट्यासाठी तुझीही सही लागेल. बाबांनी कितीही आग्रह केला तरी करू नकोस.

पुढे कोणाला काय द्यायचं ते मृत्युपत्रात लिहा, दादाला आणि मला सांगून. आणि सोसायटीचा नॉमिनेशनचा फॉर्म कपाटात तसाच पडलाय, तो या आठवड्यात भरून सेक्रेटरींकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका.

तुमची,
ताई