टिपचे पैसे भरण्याआधी पूर्ण हिशेब मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकाने घोड्यांच्या रेसच्या टिपा, म्हणजे कुठल्या घोड्यावर पैसे लावायचे ते सल्ले, विकत घेणाऱ्या पोरांबद्दल लिहिलं होतं, पोरं ऐतखाऊ झालीत, कष्ट नकोत, वगैरे. मला ते अजिबात पटलं नाही. मी फोंड्याला राहते, पतसंस्थेत अकाउंट्स सांभाळून रिटायर झाले, आणि आमच्या बाजूची, कुंडईच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणारी पोरं मला चांगली माहितीयत, ती आळशी नाहीत. त्यांच्यातल्या एकाने मला सरळ विचारलं, मावशी, हा माणूस महिन्याला दोन हजार घेतो आणि रोजच्या टिपा देतो, घेऊ का? हा धंद्याचा प्रश्न आहे, आणि त्याला नुसतं "वाईट नाद लागला" असं म्हणून गप्प केलं तर तो पुढच्या वेळी विचारणारच नाही, गुपचूप पैसे भरून मोकळा होईल. म्हणून मी त्याच्यासोबत बसून हिशेब केला आणि तोच इथे लिहितेय, कारण असा प्रश्न पडलेली पोरं पेडण्यापासून काणकोणपर्यंत असणार.

त्याने मोबाईलवर मला त्या सर्विसची शीट दाखवली. घोड्याचं नाव, रेस नंबर, आणि पुढे लागला असेल तर हिरवा रंग. बराच हिरवा होता, खाली ठळक अक्षरात "६० टक्के स्ट्राइक रेट". आता बघा, शंभर टिपांपैकी साठ लागल्या म्हणजे ऐकायला भारी वाटतं, पण त्या कुठल्या भावाला लागल्या? प्रत्येक टिपवर शंभर लावले, आणि सगळे घोडे जर एकदम हॉट फेव्हरेट असतील, म्हणजे जिंकण्याची सगळ्यात जास्त अपेक्षा असलेले, शंभराला वर पन्नासच देणारे, तर साठ वेळा पन्नास म्हणजे तीन हजार आले, आणि चाळीस वेळा शंभर म्हणजे चार हजार गेले. हजाराचं नुकसान, आणि शीट मात्र हिरवीगार. याउलट दुसऱ्या कोणाच्या शंभरात फक्त वीसच टिपा लागतात पण शंभराला पाचशेच्या भावाने, तर दहा हजार आले, आठ हजार गेले, दोन हजार शिल्लक. म्हणजे वीस टक्केवाला साठ टक्केवाल्यापेक्षा सरस निघाला. त्यामुळे किती लागल्या हे विचारूच नका, एकूण किती लावले आणि त्यावर किती उरले तेवढं विचारा. त्या शीटमध्ये भावाचा कॉलमच नव्हता. मागितला तर उत्तर आलं की व्हीआयपी ग्रुपमध्ये आलात की सगळं दिसेल.

भाव दिला असता तरी पुढचा प्रश्न होता की कधीचा भाव, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, तीही खोटं न बोलता. रेसच्या दहा मिनिटं आधी टिप येते, एकाच वेळी शेकडो लोकांना येते, सगळे त्याच घोड्यावर तुटून पडतात आणि बुकीकडे भाव पडतो. शीटवर सकाळचा ५/१, म्हणजे शंभराला पाचशे, लिहिलेला, आपल्याला मिळतो ३/१, शंभराला तीनशे. वरचंच उदाहरण घ्या, शंभरात वीस लागल्या, पण आता पाचशेऐवजी तीनशे मिळाले तर सहा हजार आले आणि आठ हजार गेले. टिपा त्याच, घोडे तेच, विकणाऱ्याच्या कागदावर दोन हजार फायदा आणि घेणाऱ्याच्या खिशात दोन हजार तोटा. टोटवर, म्हणजे बुकीऐवजी क्लबच्या सामायिक गल्ल्यात लावलं तर अजून गंमत नाही, कारण टोटचा डिव्हिडंड, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारी रक्कम, सगळे पैसे जमा झाल्यावर, क्लबचा आणि सरकारचा वाटा कापून झाल्यावरच ठरतो, आधी कोणालाच पक्का कळत नाही. तेव्हा शीटमधला भाव हा टिप मिळाल्यानंतर साध्या माणसाला खरोखर मिळाला असता असा भाव पाहिजे, नाहीतर त्या शीटचा काही उपयोग नाही.

माझा भाऊ पुण्याला असतो, तो म्हणाला की अगं सुप्रीम कोर्टानेच १९९६ मध्ये सांगितलंय की रेस हा कौशल्याचा खेळ आहे. बरोबर आहे, सांगितलंय, आणि मला ते मान्य आहे. घोड्याचं वजन, अंतर, ट्रॅक ओला की सुका, जॉकी कोण, ट्रेनरचा फॉर्म, सकाळच्या ट्रॅकवर्कला घोडा कसा पळाला, हे वाचणारी हुशार माणसं असतात. पण ते सगळं बुकीलाही माहीत असतं आणि बाकीच्या पंटर, म्हणजे पैसे लावणाऱ्या लोकांनाही. मासळी बाजारात इसवण ताजी आहे हे सगळ्यांना दिसतं म्हणूनच तिचा भाव आधी चढलेला असतो, तसंच आहे हे. चांगला घोडा ओळखणं पुरेसं नाही, भावापेक्षा चांगला घोडा ओळखता आला पाहिजे. शिवाय बुकीने स्वतःचा वाटा भावातच घातलेला असतो. पाच घोड्यांची रेस आहे आणि भाव ६/४, २/१, ४/१, ८/१, १०/१ असे आहेत, तर प्रत्येक भावाची टक्केवारी काढून (६/४ म्हणजे चार लावले तर वर सहा, म्हणून दहातले चार, ४० टक्के) बेरीज करा, ४० अधिक ३३ अधिक २० अधिक ११ अधिक ९, शंभराच्या वर तेरा टक्के जातात. ते तेरा टक्के ओलांडल्यावर टिप देणाऱ्याचं कौशल्य सुरू होतं.

मग तो मुलगा म्हणाला, पण मावशी गेल्या महिन्यात खरंच फायदा दाखवलाय. असेल. शंभर टिपांमध्ये ५/१ च्या भावाने वीस लागल्या असं धरू. आता अशा भावाचे घोडे सहातून एकदा लागतात असं समजून कोणी डोळे मिटून शंभर बेट लावले तर सरासरी सोळा-सतरा लागतील, पण वीस किंवा त्याहून जास्त लागणं हे नुसत्या नशिबाने साधारण पाचातल्या एकाला जमतं. पाच जणांनी टिपांचं दुकान टाकलं तर एकजण काही न कळता चॅम्पियन ठरेल, आणि आपल्याला जाहिरात त्याचीच दिसेल, बाकीचे चार नाव बदलून परत येतील. म्हणून एका महिन्याचा रेकॉर्ड काहीच सिद्ध करत नाही, निदान पूर्ण सीझनचा पाहिजे, पुण्याचा पावसाळी सीझन आणि मुंबईचा हिवाळी असे दोन्ही असले तर उत्तम, आणि सोबत तुलनाही पाहिजे की नुसता प्रत्येक रेसचा फेव्हरेट लावला असता तर काय झालं असतं. फेव्हरेट तीनातून एकदा वगैरे लागतोच, त्यासाठी कोणाला फी द्यावी लागत नाही.

आणि उघड लबाडी पण सांगते, कारण पोरांना ती लक्षात येत नाही. आठ घोड्यांची रेस आहे, ६४०० मोबाईल नंबर गोळा केलेत, ८०० लोकांना एक घोडा, दुसऱ्या ८०० ना दुसरा घोडा असं वाटून टाकायचं. ८०० जणांना "फुकट टिप" बरोबर आली. दुसऱ्या रेसला त्याच ८०० ना परत आठ भाग करून पाठवायचं, आता १०० जण असे उरले ज्यांना लागोपाठ दोन विनर मिळालेत, आणि ते शंभर जण मनापासून शपथेवर सांगतील की माणूस खरा आहे. ते खोटं बोलत नाहीत, त्यांच्याकडे स्क्रीनशॉट आहेत. फी त्यांच्याकडूनच मागितली जाते. तसंच टेलिग्राम चॅनलवर हुकलेली टिप डिलीट केली की मागे काही खूण राहत नाही, त्यामुळे चॅनल वर-खाली स्क्रोल करून रेकॉर्ड तपासला असं समजू नका. रेसच्या आधी टिप आली की स्वतः वहीत वेळ टाकून लिहायची, तेवढाच रेकॉर्ड खरा. आणि "फिक्स रेस" म्हणणाऱ्याशी तर बोलूच नका, रेस खरोखर फिक्स असेल तर तो गुन्हा आहे, आणि ज्याला ते माहीत आहे तो दोन हजारासाठी अनोळखी लोकांना वाटत सुटणार नाही.

आता फीचा हिशेब, जो कोणीच करत नाही. हा मुलगा एका टिपवर शंभर रुपये लावणार होता, महिन्याला साठेक टिपा, म्हणजे सहा हजारांची उलाढाल. त्यावर फी दोन हजार. म्हणजे उलाढालीवर ३३ टक्के नफा झाला तरी हातात शून्य! एवढा नफा सतत काढणारा माणूस जगात कुठे असेल असं मला वाटत नाही. यावर ग्रुपवाल्यांचं उत्तर तयार असतं, मग पाचशे लावा, हजार लावा, आणि धोका तिथेच आहे, कारण फी वसूल करायच्या नादात बेट वाढत जातो. वीस टक्के लागणारा चांगला टिप्स्टर असला तरी शंभर टिपांमध्ये सलग बारा-तेरा हुकणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. पगार हातात यायच्या आधी अशा बारा-तेरा हुकल्या तर कोण शांत बसतो? तेव्हाच "लॉस रिकव्हरी पॅक" चा मेसेज येतो, त्याची फी वेगळी.

आणि गोव्यातल्या माणसासाठी तर अजून एक गोष्ट आहे जी कुठल्याही शीटमध्ये मी पाहिली नाही. आपल्याकडे रेसकोर्सच नाही. कायदेशीर बेट लावायचा तर पुणे, मुंबई, बंगळुरू, म्हैसूर असं कुठेतरी क्लबच्या टोटवर किंवा लायसन्सवाल्या बुकीकडे लावायचा, आणि तिथे बेटच्या पूर्ण रकमेवर जीएसटी आहे, आधी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. म्हणजे वरच्या उदाहरणातला तो खरोखर चांगला टिप्स्टर, ज्याने दहा हजारांवर दोन हजार कमवून दिले, त्या दहा हजारांवर चार हजार टॅक्स गेला, दोन हजाराचं नुकसान. मोठी रक्कम लागली, दहा हजारांच्या वर, तर ३० टक्के टीडीएस वेगळा, आणि टिपची फी खर्च म्हणून वजा मिळत नाही. मग पोरं काय करतात, कोपऱ्यावरच्या एजंटला फोन करतात, तिथे टॅक्स नाही, पण ते बेकायदेशीर आहे, आणि मोठी लागली की एजंट लिमिट सांगतो किंवा फोन उचलत नाही, आणि तक्रार घेऊन पोलिसात जायचं तर आपणच अडकणार. कायद्याने गेलात तर टॅक्समध्ये नफा बुडतो, बेकायदा गेलात तर मुद्दलाचीसुद्धा खात्री नाही. मी त्या मुलाला हेच सांगितलं की टिप देणारा प्रामाणिक आहे असं धरून चाललो तरी तुझ्यासाठी, शंभराच्या बेटसाठी, गोव्यात बसून, ही सर्विस दोन हजाराच काय, दोनशेलाही घेण्यासारखी नाही. त्याला राग आला नाही. त्याने आकडे स्वतः परत मांडून बघितले.

तुम्हाला दोन विनंत्या आहेत. एक, पेपराच्या घडीत घालून येणाऱ्या पॅम्प्लेटमध्ये अशा टिपांची जाहिरात मी बघितलीय, तुमच्या वितरकांना त्याबद्दल सांगावं, कारण लोकांना ती पेपरनेच दिली असं वाटतं. दोन, कोणा वाचकाकडे एखाद्या सर्विसची पूर्ण सीझनची शीट असेल, तारीख, रेस नंबर, टिप आल्याची वेळ, त्या वेळचा भाव आणि शेवटी मिळालेला भाव असे सगळे कॉलम असलेली, हुकलेल्या टिपांसकट, तर ती तुमच्या ऑफिसात पाठवायला सांगा. मी फी आणि टॅक्स धरून बेरीज करून देईन आणि जो आकडा येईल तो, फायद्याचा आला तरी, तुम्ही जसाच्या तसा छापा. आणि ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांनी आज आपल्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे चालू आहे का ते बघा, ग्रुप सोडला तरी ते आपोआप बंद होत नाही, ते आपणच कॅन्सल करायचं असतं.

आपली,
एक वाचक, फोंडा