टी-५५ चं किट नेमकं कोणतं घ्यावं?

मा. संपादक,
नगरच्या रणगाडा म्युझियमला जाऊन आल्यापासून पोरगं मागे लागलंय, टी-५५ चं मॉडेल बनवायचं म्हणतो. ७१ च्या युद्धात आपल्या फौजेकडे होता तो रणगाडा. १/३५ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढे, दोन किट (सुटे भाग जोडून बनवायचे संच) समोर आले, एक जपानी तामियाचं आणि दुसरं युक्रेनच्या मिनीआर्टचं, आणि आम्ही बापलेक पंधरा दिवस नुसते फोटोच बघतोय.

मिनीआर्टमध्ये आतलं इंजिन, तोफेचा ब्रीच (गोळा भरायचा मागचा भाग), गोळे, सगळं येतं, पण पट्ट्याची कडी न् कडी वेगळी कापून, घासून जोडायची, ते बघूनच माझे डोळे फिरले! तामियाचा पट्टा अख्खा येतो, चाकांवर चढवला की झालं, फक्त खऱ्या रणगाड्याचा पट्टा वरून थोडा लोंबतो ना, तसा तो लोंबत नाही. आणि आतलं इंजिन मागचं झाकण चिकटवल्यावर बघणार कोण? पहिलंच किट असेल तर माझ्या मते तामियाच बरं.

धुळ्यात मे महिन्यात ॲक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो, म्हणून आम्ही पहाटे पाचला बसायचं ठरवलंय. आईने विचारलंच, "हाई काय शे?" किंमत अजून सांगितली नाहीये तिला.

दुकानात विचारलं तर रिमोटची गाडी पुढे केली. तुमच्या रविवारच्या पुरवणीत या छंदाला अर्धं पान द्या की राव.

– एक वाचक, देवपूर, धुळे