शाल दिसली की ठाकूर : १५ ऑगस्टच्या वाढदिवसाबाबत तक्रार

दि. १९ ऑगस्ट २०२५
पुणे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या ‘शोले’ थीम रेस्टॉरंटमध्ये माझ्या वडिलांना मिळालेली वागणूक, न विचारता काढलेला व्हिडिओ आणि बिलातली जादा आकारणी

महोदय / महोदया,

तुमच्या वेबसाइटवरचा तक्रारीचा फॉर्म ५०० अक्षरांत संपतो. माझी तक्रार त्यात मावत नाही, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवते आहे. बिलाची झेरॉक्स आणि बुकिंगचा मेसेज सोबत जोडला आहे. माझं नाव, फोन नंबर त्यावर आहेच.

माझे वडील ८२ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. कराडच्या एका थिएटरात ते ऑपरेटर होते. आजच्या मुलांना ऑपरेटर म्हणजे काय ते सांगावं लागतं, तुमच्या मॅनेजरनाही सांगावं लागलं. केबिनमध्ये दोन मशीन, कार्बनच्या कांड्या पेटवून केलेला उजेड, एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर चमकणारा ठिपका, आणि त्या ठिपक्यावर दुसरं मशीन चालू करणारा माणूस. ‘शोले’ मुंबईत १५ ऑगस्ट १९७५ ला लागला आणि मिनर्व्हा टॉकीजमध्ये ५ वर्षं चालला. आमच्याकडे त्याची प्रिंट पुढच्या वर्षी आली. तीही अंगभर रेघा पडलेली. अण्णांनी तो सिनेमा किती वेळा चालवला याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. मी तेव्हा शाळेत होते. शो चालू असताना केबिनमध्ये त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं.

म्हणून यंदा सिनेमाला ५० वर्षं झाली आणि तुम्ही ‘सुवर्णमहोत्सवी पॅकेज’ची जाहिरात केलीत, तेव्हा माझ्या लेकीनं हट्टानं ५ जणांचं बुकिंग केलं. अण्णांचा वाढदिवस १२ तारखेला होता, पण सगळ्यांना सुट्टी १५ ला. बुकिंग करताना मी स्वतः फोनवर सांगितलं होतं की वडिलांना ३ वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय, उजवा हात चालत नाही, पायऱ्या चढवत नाहीत, खालचं टेबल द्या. समोरच्या मुलीनं “हो मॅम, नोट करून घेतलंय” असं म्हटलं. मेसेजमध्येही तसं आलंय, पाहून घ्या.

आम्हाला टेबल मिळालं वरच्या मजल्यावर, ज्याला तुम्ही ‘गब्बरचा अड्डा’ म्हणता. थर्मोकोल की फायबरच्या दगडांतून वर जाणाऱ्या ११ पायऱ्या, कठडा एकाच बाजूला आणि तोही उजवीकडे. अण्णांना उजव्या हातानं काही धरता येत नाही. जावई आणि नातीनं दोन्हीकडून धरून त्यांना वर नेलं. खाली एक टेबल रिकामं होतं, त्यावर ‘रिझर्व्ह’ची पाटी होती. आम्ही साडेदहाला निघालो तेव्हाही ती पाटी तिथंच होती आणि टेबलही रिकामंच.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. पहिली डिश यायला ५० मिनिटं लागली. मिसळीला तर्री नव्हती, नुसतं लाल पाणी होतं, आणि पोळ्या कडक होत्या. ‘धन्नो’ या, सिनेमातल्या टांग्याच्या घोडीच्या नावाचं गाजराचं सॅलड मात्र छान होतं. त्या नावामागं कुणीतरी डोकं चालवलंय. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते हे मला कळतं. एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

भिंतींकडे बघून अण्णा सुरुवातीला खूश होते. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. जिन्याजवळ तुम्ही फूटभर अक्षरांत रंगवलंय : “अरे ओ सांभा, कितने आदमी थे?” अण्णा म्हणाले, “हे त्याला विचारलेलंच नाही. माणसं किती होती हे हात हलवत परत आलेल्या कालियाला आणि त्याच्या दोघा साथीदारांना विचारलंय. सांभाला विचारलंय ते सरकारनं लावलेल्या इनामाचं. तो वर खडकावर बसलाय, त्याला काय माहीत गावात किती माणसं होती?” मेनूकार्डावर ‘चंबळच्या खोऱ्यातली चव’ असं लिहिलंय. सिनेमातल्या रामगढ गावाचा तो सेट बंगळूरजवळ रामनगरला होता, आणि रेल्वेवरचा दरोडा तर आपल्या पनवेलजवळ चित्रित झाला. खोऱ्यातलीच चव द्यायची तर नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, ठेवा, कर्नाटकात ते आवडीनं खातात. हे माझं मत, अण्णांचं नाही. अण्णांनी आणखी एक विचारलं. भिंतीवर नटनट्यांचे मोजून २२ फोटो आहेत, त्यांत शिंदे कुठे आहेत? एवढ्या मोठ्या सिनेमाला तेव्हा फिल्मफेअर मिळालं ते एकच, संकलनाचं, आणि ते एम. एस. शिंदे यांना. रामगढ ज्यांनी उभं केलं ते कलादिग्दर्शक राम येडेकर, तेही नाहीत. रिळं हातात घेऊन ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाला कात्री कुणाची होती हे आठवणारच. तुमच्या वेटरला त्यांनी हे सांगितलं, तो “सर, स्टार्टर रिपीट करू का?” म्हणाला.

आता मुख्य तक्रार.

सव्वानऊच्या सुमारास दिवे मंद झाले, स्पीकरवर तबल्यासारखं काहीतरी वाजलं आणि गब्बरच्या वेशातला एक मुलगा हातात पट्टा घेऊन टेबलांमधून फिरू लागला. ‘बर्थडे सरप्राइज’ पॅकेजमध्येच आहे हे आम्हाला माहीत होतं. केक आणि गाणं असेल असं वाटलं होतं. तो आमच्या टेबलाशी आला. ए.सी. थेट अंगावर येत होता म्हणून अण्णांनी शाल पांघरली होती, दोन्ही खांद्यांवरून, समोर घट्ट. त्या मुलानं त्यांच्याकडे पट्टा रोखला, “मिल गया ठाकूर!” म्हणून ओरडला आणि गब्बर ठाकूरचे हात तोडण्याआधी म्हणतो तो “ये हाथ मुझे दे दे” डायलॉग पूर्ण आवाजात म्हणत शाल खेचली.

शालीखालून अण्णांचा उजवा हात घरंगळला आणि टेबलावरच्या ताटलीत पडला. तो तसाच पडतो, त्यांना तो धरता येत नाही. आजूबाजूची ७-८ टेबलं हसली. त्यांना वाटलं नाटकातलाच भाग आहे. तुमचा माणूस समोर उभा राहून मोबाइलवर शूट करत होता, तो शूट करतच राहिला. माझी नात ९ वर्षांची आहे. तिनं उठून पणजोबांचा हात ताटलीतून उचलला आणि आपल्या फ्रॉकला पुसला.

माझ्या वडिलांनी यावर काय केलं तेही लिहिते. ते त्या मुलाला म्हणाले, “जेवलास का रे?” तो मुलगा जागीच गोठला. नकली दाढीखालचा त्याचा चेहरा मला आजही दिसतो.

मी मॅनेजरना बोलावलं. ते आले, “सॉरी मॅम, थीमचा पार्ट आहे, अंकलनी स्पोर्टिंगली घेतलं ना,” असं म्हणाले आणि डेझर्ट फ्री देतो म्हणाले. तेव्हाच मला कळलं की तुमच्यापैकी कुणीही तो सिनेमा नीट पाहिलेला नाही.

कारण शाल ही त्या सिनेमातली गंमत नाहीच. पहिला निम्मा सिनेमा ठाकूर शाल पांघरून वावरतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, मोठा माणूस आहे, त्याची ती ऐट आहे. होळीच्या हल्ल्यात बंदूक त्याच्या पायाशी पडलेली असते आणि तो उचलत नाही, तेव्हा आपल्याला त्याचाच राग येतो. मग गब्बरनं त्याचे दोन्ही हात तोडल्याची मागची गोष्ट कळते, आणि वाऱ्यानं शाल उडते. अण्णा सांगतात, ते रीळ लागलं की ते केबिनच्या झरोक्यातून पडद्याकडे बघायचे नाहीत, खाली माणसांकडे बघायचे. रोज. आमच्या थिएटरात खारे शेंगदाणे आणि भाजक्या शेंगा चालायच्या, टरफलं फोडल्याचा आवाज शोभर चालू असायचा. शाल उडाली की तो बंद व्हायचा. ५००-६०० माणसांचं थिएटर, आणि मशीनची घरघर तेवढी ऐकू यायची. एकदा एक म्हातारे गृहस्थ, पहिल्या महायुद्धातून एक हात गमावून आलेले, जाळीच्या खुर्चीवर शेवटच्या रांगेत बसले होते. त्या दिवशी अण्णा त्यांच्याकडेच बघत राहिले आणि पुढचा चेंजओव्हर, म्हणजे ठिपक्यावर मशीन बदलणं, चुकता चुकता राहिलं. ही गोष्ट त्यांनी आम्हाला कित्येकदा सांगितली आहे. तुमच्याकडून परतताना गाडीत मात्र ते काही बोलले नाहीत.

आणि त्याच शालीवर तुम्ही माणसं हसवण्याचा कार्यक्रम बसवलाय.

हे त्या मुलाचं डोकं नाही, याची मला खात्री आहे. आम्ही निघताना तो दाढी काढून पार्किंगमध्ये आला, अण्णांच्या पाया पडला. बारावीनंतर दोन वर्षं झाली म्हणाला, नाटकात काम करायचंय. “आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगितलंय आजी, शाल दिसली की ठाकूर. शाल नसेल तर टेबलक्लॉथ द्यायचा.” म्हणजे ही लेखी किंवा तोंडी, तुमच्या कंपनीची सूचना आहे. मी त्याचं नाव विचारलेलं नाही, आणि तुम्हीही हे पत्र दाखवून त्याला शोधायला जाऊ नका. त्याला कामावरून काढलंत तर ती माझ्या तक्रारीची दखल घेणं नव्हे, तक्रार दुसऱ्याच्या गळ्यात मारणं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या भाच्यानं मला एक लिंक पाठवली. तुमच्या अधिकृत पानावर १९ सेकंदांचा व्हिडिओ होता, त्यावर हसणाऱ्या तोंडांची चित्रं आणि ‘बर्थडे ठाकूर’ अशी अक्षरं. शाल खेचल्यावर तुम्ही तो क्षण संथ केलाय. माझ्या वडिलांचा लुळा हात ताटलीत पडतो ते संथ गतीत. आम्हाला कुणीही विचारलं नव्हतं. दारावरच्या पाटीवर बारीक अक्षरात ‘येथे चित्रीकरण होऊ शकते’ असं लिहिलंय, असं तुमच्या फोनवरच्या माणसानं मला सांगितलं. तिथं आत येणं म्हणजे असं चित्रीकरण आणि असं प्रदर्शन मान्य करणं होतं, हे मला मान्य नाही.

आता बिल. मी ३४ वर्षं बँकेत काढली आहेत, बिल वाचल्याशिवाय मी पैसे देत नाही. पॅकेज प्रत्येकी १,४९९, पाच जणांचे ७,४९५ रुपये. त्यावर १० टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ ७४९ रुपये ५० पैसे. मग या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी. एकूण ८,६५६ रुपये ७३ पैसे. मी सर्व्हिस चार्ज काढायला सांगितला तर “सिस्टिममध्ये फिक्स आहे” असं उत्तर मिळालं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हा आकार बिलात आपोआप लावता येत नाही, द्यायचा की नाही हे ग्राहकानं ठरवायचं असतं, आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावणं तर नाहीच चालत. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं या सूचना उचलून धरल्या. अण्णा दमले होते, वाद नको म्हणून मी पैसे भरले. घरी येऊन आकडेमोड केली तेव्हा जादा घेतलेली रक्कम निघाली ७८६ रुपये ९८ पैसे. ७८६ हा ‘शोले’चा आकडा नाही. तो त्याच वर्षी आलेल्या, त्याच लेखकद्वयीच्या ‘दीवार’मधल्या बिल्ल्याचा आहे. तुमच्याकडे थीम मिसळण्याची सवय आहेच.

माझं म्हणणं असं. तो व्हिडिओ हे पत्र मिळाल्यापासून २४ तासांच्या आत काढा, आणि तो ज्या ज्या खात्यांवर तुम्ही टाकलात तिथूनही काढा. मूळ फाइल नष्ट केल्याचं लेखी कळवा. जादा घेतलेले पैसे परत करा. शालीचा कार्यक्रम बंद करा, फक्त आमच्यासाठी नाही, सगळ्यांसाठीच. माझ्या वडिलांची माफी मागायची असेल तर मराठीत, कागदावर, कंपनीतल्या जबाबदार माणसाच्या सहीनं मागा. डिस्काउंट कूपन पाठवू नका. पुढच्या वेळी ‘एक थाळी फ्री’ असा मेसेज कालच आलाय, तो तुमच्या सिस्टिमनं पाठवला असेल असं मी समजून चालते.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. नुकसानभरपाई किती मागायची ते अजून ठरवलेलं नाही. अण्णा म्हणतात मागू नको. त्यांचं मी सगळंच ऐकते असं नाही.

आपली,
(ग्राहक, टेबल क्र. १४, दि. १५ ऑगस्ट २०२५)

सोबत : बिलाची प्रत, बुकिंगचा मेसेज, व्हिडिओच्या पानाची छापील प्रत

ता. क. – हे पत्र अण्णांना वाचून दाखवलं. व्हिडिओबद्दल ते काही बोलले नाहीत. एक मात्र लिहायला सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या भिंतीवर तुम्ही जो सिनेमा चालू ठेवता त्याचं चित्र ताणलेलं आहे. रुंद पडद्याचा सिनेमा तुम्ही भिंत भरायची म्हणून उभा खेचलाय. सगळे लांबोडके दिसतात, बच्चन तर विजेचा खांब. प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये चित्राच्या आकाराचा पर्याय असतो. तो बदला, वरखाली काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या.